फाइल नवी, सर्टिफिकेट मात्र जुनंच

तुमचा प्रश्न मला असा समजला: एका लिनक्स सर्व्हरवर इंजिनएक्स हा वेबसर्व्हर आहे, त्यावर सहा वेबसाइट्स चालतात आणि त्याच मशीनवर मेल सर्व्हरही आहे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत सर्टिफिकेट्स (ब्राउझरला साइटची ओळख पटवणाऱ्या, ठरावीक मुदतीच्या फायली) आणण्यासाठी तुम्ही स्वतः शेल स्क्रिप्ट लिहिली, ती महिन्याच्या पहिल्या तारखेला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, चालते. स्क्रिप्टने नवं सर्टिफिकेट आणलं, फाइलवरची तारीखही नवी दिसत होती, तरी एके दिवशी ब्राउझरने ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी पाटी लावली. सर्व्हर रीस्टार्ट केला आणि सगळं ताळ्यावर आलं. आता तुम्हाला हवं आहे ते असं: चूक कुठे झाली, स्वतःची स्क्रिप्ट ठेवायची की तयार एखादी घ्यायची, आणि वाइल्डकार्ड, म्हणजे डोमेनच्या सगळ्या सबडोमेनना चालणारं एकच सर्टिफिकेट, घ्यावं का.

आधी चूक. तुमची स्क्रिप्ट जिथे संपते तिथे ती आहे. इंजिनएक्स सुरू होताना किंवा त्याला रीलोड (कॉन्फिग नव्याने वाच) सांगितल्यावर सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त की या दोन्ही फायली एकदा वाचतो आणि मेमरीत ठेवून देतो. त्यानंतर डिस्कवरची फाइल बदलली, पुसली, तिच्या जागी दुसरी आली, तरी त्याला त्याचं सोयरसुतक नसतं. तुमच्या स्क्रिप्टने फाइल बदलली आणि हात झटकले. सर्व्हर आपला जुनंच सर्टिफिकेट इमानेइतबारे दाखवत राहिला, ते संपलं त्या क्षणापर्यंत.

‘मग रीलोडची एक ओळ टाकतो, झालं’ असं म्हणाल, तर थांबा. माझ्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ होती. तरीही एका क्लायंटचा रात्री अडीच वाजता फोन आला की साइट लाल झाली. मी लॉगिन करून फाइल पाहिली, नवी होती. ओपनएसएसएल या सर्टिफिकेट तपासायच्या कमांडला त्या फाइलची शेवटची तारीख विचारली, त्याने दोन महिने पुढची सांगितली. पुढचा अर्धा तास मी ब्राउझरच्या कॅशला आणि क्लायंटच्या वायफायला दोष देत बसलो. मग डोक्यात प्रकाश पडला आणि फाइलचा नाद सोडून थेट पोर्टला विचारलं: ओपनएसएसएलचा एस-क्लायंट (सर्व्हरला ब्राउझरसारखं जोडून बघणारा), पोर्ट ४४३ (एचटीटीपीएसचं दार), सर्व्हरनेमचा (कोणती साइट हवी ते सांगणारा) पर्याय देऊन. उत्तर आलं, काल संपलेलं सर्टिफिकेट. इंजिनएक्सची कॉन्फिग टेस्ट चालवली तर ती भलत्याच एका साइटच्या फाइलवर अडली. कुणीतरी काही आठवड्यांपूर्वी त्या फाइलमध्ये अर्धवट बदल करून ती तशीच सोडली होती. कॉन्फिग मोडकी असेल तर इंजिनएक्स रीलोड नाकारतो आणि जुन्याच कॉन्फिगवर चालू राहतो. एरवी ही त्याची चांगली सवय आहे, पण त्यामुळे बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही. एररची ओळ आली होती, पण क्रॉनच्या ओळीच्या शेवटी मीच सगळं आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे रिकाम्या पोकळीत, ढकललं होतं.

त्या रात्रीपासून मी डिस्कवरच्या फाइलला काही विचारत नाही, पोर्टला विचारतो. पुढे जे काही सांगणार आहे, ते बहुतेक याच सवयीतून आलंय.

आता स्वतःची स्क्रिप्ट की तयार. सर्टिफिकेट मिळवण्याचा संवाद अ‍ॅक्मे नावाच्या प्रोटोकॉलने चालतो, तो मार्च २०१९ मध्ये आरएफसी ८५५५ म्हणून पक्का झाला. वरवर पाहता सोपा आहे. एक अकाउंट की बनवायची, ‘या नावांसाठी सर्टिफिकेट हवं’ अशी ऑर्डर द्यायची, समोरून एक टोकन येतं, ते ठरलेल्या जागी ठेवून डोमेन आपल्या ताब्यात असल्याचं दाखवायचं, शेवटी सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेटचा अर्ज, पाठवायचा आणि सर्टिफिकेट उतरवून घ्यायचं. प्रत्येक निरोप अकाउंट कीने सही करून जातो. प्रत्येक निरोपात सर्व्हरने दिलेला नॉन्स (एक खुणेचा आकडा) लागतो आणि तो एकदाच वापरता येतो.

मी हौसेने हे सगळं शेलमध्ये लिहिलं होतं. चालायचंही. पण दहा-पंधरा वेळा चालवली की एकदा ‘सही चुकीची’ म्हणून पडायची, आणि लगेच पुन्हा चालवली की बिनबोभाट पार. अशा चुकीसारखा वैताग नाही. कारण सापडायला कित्येक आठवडे गेले. एलिप्टिक कर्व्ह या प्रकारच्या कीच्या सहीत आर आणि एस असे दोन आकडे असतात आणि अ‍ॅक्मेला ते प्रत्येकी ३२ बाइट, एकापुढे एक, असे नेमके ६४ बाइट हवे असतात. ओपनएसएसएल मात्र सही डीईआर साच्यात देतो. त्या साच्यात आकड्याचा पहिला बिट १ असेल तर पुढे शून्याचा एक जादा बाइट लागतो, आणि आकडा लहान असेल तर सुरुवातीचे शून्य बाइट गळतात. जादा बाइट निम्म्या वेळा येतो, त्यामुळे तो पहिल्याच दिवशी कळला आणि मी तो काढून टाकत होतो. गळलेला बाइट परत भरायला मात्र विसरलो होतो. दोन आकड्यांपैकी एखाद्यात तसं व्हायची शक्यता साधारण १२८ सह्यांत एकदा. एका सर्टिफिकेटमागे आठ-दहा सह्या होतात. हिशेब जुळला.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: प्रोटोकॉलचा भाग स्वतः लिहू नका. शिकण्यासाठी लिहा, मजा येते, पण चालू साइट त्यावर ठेवू नका. शेलमध्येच राहायचं असेल तर दोन चांगल्या स्क्रिप्ट तयार आहेत, अ‍ॅक्मे डॉट एसएच आणि डिहायड्रेटेड. पायथनमधला सर्टबॉट तर सगळ्यांना माहीत आहे. तोही उत्तम आहे, पण त्याच्यासोबत पॅकेजांचा लवाजमा येतो आणि तुम्हाला तो नकोय असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं.

डिहायड्रेटेड बॅश या शेलमध्ये आहे, आटोपशीर आहे, आणि कोड वाचायची सवय असेल तर एका बैठकीत नजरेखालून घालता येतो. डोमेनची यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते आणि प्रत्येक टप्प्यावर तो तुमच्या हुक स्क्रिप्टला (तुम्ही जोडलेल्या छोट्या स्क्रिप्टला) हाक मारतो: चॅलेंज (डोमेनचा ताबा दाखवायचं टोकन) ठेव, चॅलेंज काढ, सर्टिफिकेट आलंय ते लाव. अ‍ॅक्मे डॉट एसएच साध्या पोसिक्स शेलसाठी लिहिलेली आहे, त्यामुळे बॅश नसलेल्या छोट्या मशीनवरही चालते. तिला फक्त ओपनएसएसएल आणि कर्ल किंवा डब्ल्यूगेट लागतं. शंभराहून अधिक डीएनएस (डोमेनच्या नोंदी सांभाळणाऱ्या) कंपन्यांशी बोलण्याचे तुकडे तिच्यासोबतच येतात. तुम्हाला वाइल्डकार्डची ओढ आहे आणि ते डीएनएसच्या वाटेनेच मिळतं, म्हणून मी तुम्हाला हीच सुचवीन.

पण ती डोळे झाकून घेऊ नका. ऑगस्ट २०२१ पासून तिची मूळ निवड लेट्स एन्क्रिप्ट नाही, झीरोएसएसएल आहे. तेही मोफत आहे, चालतंही, पण तुमच्या डीएनएसमध्ये ‘फक्त लेट्स एन्क्रिप्टच सर्टिफिकेट देऊ शकेल’ असा सीएए रेकॉर्ड असेल तर पहिल्याच प्रयत्नात नकार येईल आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसाल. डीफॉल्ट सीए, म्हणजे सर्टिफिकेट देणारी संस्था, कोणता ते पहिल्यांदाच ठरवून टाका. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जून २०२३ मध्ये असं उघडकीला आलं की सर्टिफिकेट देणाऱ्या बाजूने आलेलं उत्तर ही स्क्रिप्ट आपल्या शेलमध्ये इव्हॅलमधून, म्हणजे कमांड समजून, घालत होती, आणि एक मध्यस्थ त्याचा फायदा घेऊन लोकांच्या मशीनवर स्वतःच्या कमांड चालवत होता. ३.०.६ या आवृत्तीत ते भोक बुजवलं गेलं. यातून मी दोन सवयी लावून घेतल्या: स्क्रिप्ट अद्ययावत ठेवायची आणि रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, म्हणून चालवायची नाही. सर्टिफिकेटसाठी एक वेगळा यूजर करा, आणि सूडोमध्ये (रूटचे अधिकार उसने देणारी सोय) त्याला फक्त एकच गोष्ट करायची मुभा द्या: तुमची लावणी-स्क्रिप्ट, म्हणजे आलेलं सर्टिफिकेट जागेवर लावणारी स्क्रिप्ट, चालवणं. ती स्क्रिप्ट रूटच्या मालकीची हवी आणि त्या यूजरला तिच्यात बदल करता येता कामा नये, नाहीतर सगळं मुसळ केरात.

डोमेन आपलंच आहे हे दाखवायचे दोन मार्ग तुमच्या कामाचे आहेत. एचटीटीपी चॅलेंजमध्ये साइटच्या ‘वेल-नोन’ फोल्डरात टोकनची फाइल ठेवायची, ती पोर्ट ८० वरून तपासली जाते. डीएनएस चॅलेंजमध्ये डोमेनच्या पुढे अंडरस्कोर अ‍ॅक्मे-चॅलेंज लावून त्या नावाचा टीएक्सटी (साधा मजकूर ठेवणारा) रेकॉर्ड टाकायचा. तिसरा एक मार्ग पोर्ट ४४३ वरच्या हँडशेकमधून जातो, पण पुढे इंजिनएक्स बसलेला असताना त्याच्या नादी लागू नका.

सहा साध्या साइट्स असतील तर एचटीटीपी पुरेसं आहे आणि त्यात गुपितं कमी सांभाळावी लागतात. त्यातही लोक ठरावीक ठिकाणीच अडकतात. सुरक्षेच्या नावाखाली पोर्ट ८० फायरवॉलवर बंद केलेलं असतं, ते उघडं हवं. त्यावरून एचटीटीपीएसला रीडायरेक्ट केलेलं चालतं, आणि तिकडचं सर्टिफिकेट संपलेलं असलं तरी तपासणी होते. दुसरं, इंजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये ठिपक्याने सुरू होणाऱ्या फायली नाकारणारा एक ब्लॉक कुठून तरी कॉपी होऊन आलेला असतो. गिटचं फोल्डर बाहेर दिसू नये म्हणून तो टाकतात, आणि ‘वेल-नोन’ही ठिपक्यानेच सुरू होतं! त्या फोल्डरासाठी त्याच्या आधी लागू होईल असा वेगळा लोकेशन ब्लॉक द्या. तिसरं, जुन्या होस्टिंगवरून येताना ए रेकॉर्ड (साइटचा आयपी पत्ता) बदलला जातो आणि आयपीव्ही६ चा एएएए रेकॉर्ड तसाच जुन्या मशीनकडे बोट दाखवत राहतो. तुमच्या ब्राउझरला साइट ठीक दिसते, लेट्स एन्क्रिप्ट मात्र आधी आयपीव्ही६ वर जातं आणि तिथल्या परक्या सर्व्हरकडून ४०४ घेऊन परत येतं. आणि फायरवॉलवर ‘फक्त आपल्या देशातले आयपी’ असा नियम असेल तर तो ८० पुरता काढा. २०२० पासून लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी जगातल्या अनेक ठिकाणांहून तपासतं, आणि त्यांचे आयपी ते जाहीर करत नाही. त्यामुळे यादी करून परवानगी देण्याचा मार्ग नाही.

सहाही साइट्सच्या वेबरूटमध्ये वेगवेगळी टोकन टाकत बसू नका. एक समाईक फोल्डर करा, त्या सर्टिफिकेटवाल्या यूजरच्या मालकीचं, आणि सगळ्या साइट्सचा ‘वेल-नोन’ मार्ग तिकडे वळवा. एका इन्क्लूड फाइलमध्ये चार ओळी होतात. नवी साइट आली की फक्त इन्क्लूड टाकायचं.

वाइल्डकार्ड लेट्स एन्क्रिप्टने मार्च २०१८ मध्ये सुरू केलं आणि ते फक्त डीएनएस चॅलेंजनेच मिळतं. लोकांचा इथे एक गैरसमज असतो. ताऱ्याचं सर्टिफिकेट फक्त एक पायरी झाकतं. ब्लॉग डॉट तुमचं-डोमेन चालेल, पण त्याच्याही पुढे टेस्ट लावलं तर नाही, आणि पुढे काहीच नसलेलं उघडं डोमेनही नाही. म्हणून तारा आणि उघडं डोमेन अशी दोन्ही नावं मागायची. मग गंमत अशी होते की दोन्हींचं चॅलेंज एकाच नावाच्या टीएक्सटी रेकॉर्डवर येतं आणि दोन वेगळी मूल्यं एकाच वेळी तिथे असावी लागतात. स्वतः लिहिलेली डीएनएस हुक इथेच हमखास घसरते, कारण ती दुसरं मूल्य टाकताना पहिलं पुसते.

डीएनएसची खरी जोखीम एपीआय टोकनची, म्हणजे स्क्रिप्टला डीएनएस बदलू देणाऱ्या पासवर्डची, आहे. ते टोकन सर्व्हरवर फाइलमध्ये पडून असतं, आणि ज्याच्या हाती ते लागेल त्याच्या हाती तुमचं पूर्ण डीएनएस, म्हणजे मेलसुद्धा. एकाच झोनपुरतं (डोमेनपुरतं) मर्यादित टोकन मिळत असेल तर तेच घ्या. नसेल मिळत, तर मी करतो ती युक्ती करा: एखादं बिनमहत्त्वाचं दुसरं डोमेन घ्यायचं, मूळ डोमेनच्या अ‍ॅक्मे-चॅलेंज नावाचा सीनेम (एक नाव दुसऱ्याकडे वळवणारा रेकॉर्ड) एकदाच हाताने त्या दुसऱ्या डोमेनकडे वळवायचा, आणि सर्व्हरवर फक्त त्या दुसऱ्या डोमेनचं टोकन ठेवायचं. अ‍ॅक्मे डॉट एसएचमध्ये यासाठी चॅलेंज-एलियस नावाचा पर्याय आहे. उद्या टोकन चोरीला गेलं, तर चोराला तुमच्या नावाने सर्टिफिकेट काढता येईल, ते वाईटच. पण तुमचा मेल तरी कुठे वळवता येणार नाही.

सहा साइट्ससाठी तुम्हाला वाइल्डकार्डची गरज आहे का? मला नाही वाटत. ग्राहकागणिक नवा सबडोमेन निघत असेल तर ठीक. एका सर्टिफिकेटमध्ये शंभरपर्यंत नावं बसतात, पण मी प्रत्येक साइटला वेगळं घेतो, कारण सगळी नावं एकातच असली तर एका डोमेनचं डीएनएस गंडलं की सहाही साइट्सचं रिन्यू अडतं.

आता लावणी. अ‍ॅक्मे डॉट एसएच स्वतःच्या फोल्डरात सर्टिफिकेट ठेवते. इंजिनएक्सला थेट त्या फोल्डराकडे वळवू नका. ते त्या स्क्रिप्टचं घर आहे, आतली मांडणी ती बदलू शकते. एलिप्टिक कर्व्हची सर्टिफिकेट्स तर ती नावापुढे ‘ईसीसी’ लावलेल्या वेगळ्याच फोल्डरात टाकते, आणि लोक जुन्या आरएसए प्रकारच्या कीच्या फोल्डराकडे बघून ‘रिन्यू झालंच नाही’ म्हणतात. तिचा इन्स्टॉल-सर्ट हा पर्याय एकदा चालवा, त्यात फायली कुठे न्यायच्या आणि नंतर कोणती रीलोड कमांड चालवायची ते सांगा. ती हे लक्षात ठेवते आणि दर रिन्यूनंतर आपणहून करते. नुसत्या सर्टिफिकेटऐवजी फुलचेनची, म्हणजे सीएच्या मधल्या सर्टिफिकेटसकट असलेली, फाइल द्या. मधलं सर्टिफिकेट वगळलं तरी तुमच्या ब्राउझरमध्ये साइट चालेल, कारण बरेच ब्राउझर ते इकडून तिकडून मिळवतात. कर्ल आणि मोबाइल अ‍ॅप मात्र रडतील, आणि तक्रार येईल ती ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी.

रीलोड कमांडच्या जागी नुसती रीलोडची ओळ न देता सूडोने चालणारी लावणी-स्क्रिप्ट द्या. खरं शेल स्क्रिप्टिंग तुम्ही इथे करायचं आहे. माझी वीस-पंचवीस ओळींची आहे. सुरुवातीला सेट कमांडने ‘चूक झाली की थांब’ आणि ‘न ठरवलेला व्हेरिएबल दिसला की थांब’ हे दोन्ही चालू केलेलं, आणि यूमास्क ०७७, म्हणजे प्रायव्हेट की क्षणभरही दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही. मग की आणि सर्टिफिकेट एकमेकांचे आहेत का ते पाहायचं: दोन्हींतून पब्लिक की काढायची आणि तुलना करायची. नेटवर सगळीकडे मॉड्युलस जुळवायची कृती दिसते, ती फक्त आरएसएला चालते. जुळलं, की नव्या फायली तात्पुरत्या नावाने त्याच फोल्डरात ठेवायच्या आणि एमव्हीने खऱ्या नावावर सरकवायच्या. फाइल सिस्टिम एकच असेल तर हे सरकवणं एका झटक्यात होतं, अर्धवट लिहिलेली फाइल कुणाच्या वाचनात येत नाही. सरळ सीपीने कॉपी केलं आणि मध्येच डिस्क भरली, तर काय होईल ते सांगायला नको.

त्यानंतर इंजिनएक्सची कॉन्फिग टेस्ट. ती नापास झाली तर रीलोडच्या वाटेला न जाता मोठ्याने ओरडायचं. पास झाली तर रीलोड, रीस्टार्ट नव्हे. रीलोडमध्ये चालू कनेक्शन तुटत नाहीत. त्याच मशीनवरचा मेल सर्व्हर विसरू नका. डोव्हकॉट हा मेल सर्व्हरही सर्टिफिकेट मेमरीत धरून बसतो आणि मेल क्लायंट तक्रार करतो तेव्हा वेबसाइट हिरवीगार असते, त्यामुळे कुणाच्या लवकर लक्षात येत नाही. दोन-तीन सेकंद थांबायचं आणि शेवटी माझी ती सवय: एस-क्लायंटने स्वतःच्याच पोर्ट ४४३ ला आणि मेलच्या ९९३ ला जोडायचं, आलेल्या सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट (छोटी ओळखखूण) काढायचा आणि आत्ताच ठेवलेल्या फाइलच्या फिंगरप्रिंटशी ताडून पाहायचा. वेगळा निघाला तर स्क्रिप्ट शून्य सोडून दुसऱ्या कोडने बाहेर पडते. एस-क्लायंटला इनपुट डेव्ह-नलमधून द्यायला विसरू नका, नाहीतर तो टायपिंगची वाट बघत बसतो आणि क्रॉनमध्ये प्रोसेस लटकलेली राहते. सर्व्हरनेमही द्याच, न दिल्यास पहिल्या साइटचं सर्टिफिकेट येतं आणि बाकीच्या पाचांबद्दल तुम्ही गाफील राहता.

क्रॉन महिन्यातून एकदा? अहो, रोज चालवा. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि एक तृतीयांश आयुष्य उरलं की नवं घ्यावं असा रिवाज आहे, म्हणजे हाताशी तीसेक दिवस असतात. महिन्याच्या क्रॉनला त्यात एकच संधी मिळते. त्या दिवशी नेटवर्क रुसलं की संपलं. रोजच्या क्रॉनला तीस संधी मिळतात, आणि ज्या दिवशी काम नसेल त्या दिवशी स्क्रिप्ट तारीख बघून गप्प परत जाते. अ‍ॅक्मे डॉट एसएच बसवतानाच ही रोजची ओळ टाकते. वेळ मात्र बरोब्बर मध्यरात्रीची ठेवू नका, अख्खं जग तेव्हाच दार वाजवत असतं. २ वाजून ३७ मिनिटं वगैरे काहीतरी वेडंवाकडं निवडा. आणि क्रॉनमध्ये पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) तोकडा असतो. हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये ‘कमांड सापडली नाही’ म्हणते, त्याचं कारण बहुधा हेच. लावणी-स्क्रिप्टमध्ये इंजिनएक्स आणि ओपनएसएसएलचे पूर्ण मार्ग लिहा.

रोज चालवायला आणखी एक कारण आहे. सर्टिफिकेटची आयुष्यं घटत चालली आहेत. ब्राउझर आणि सीए कंपन्यांच्या फोरमने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या वेळापत्रकानुसार कोणत्याही सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस होते. लेट्स एन्क्रिप्ट तर २०२८ मध्येच ४५ दिवसांवर यायचं म्हणतंय. तेव्हा तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठे ‘६० दिवस झाले तर’ असा आकडा कोरलेला असेल, तर तो उद्या तुम्हाला खड्ड्यात घालेल. सर्टिफिकेटच्या दोन तारखा वाचून त्यावरून हिशेब करा, किंवा तुमच्या तयार स्क्रिप्टला एआरआय ही सोय येत असेल तर ती वापरा. त्यात केव्हा रिन्यू करायचं हे सीएच सुचवतो. त्याची गरज मार्च २०२० मध्ये पटली होती: सीएए तपासणीतल्या एका चुकीमुळे लेट्स एन्क्रिप्टला तीस लाखांहून अधिक सर्टिफिकेट्स रद्द करायची वेळ आली, आणि फक्त मुदतीची तारीख बघणाऱ्या स्क्रिप्टना त्याचा पत्ता नव्हता.

नजर ठेवण्याचं काम दुसऱ्या मशीनवरून करा. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टने ४ जून २०२५ पासून बंद केली आहे, त्यामुळे त्या आशेवर राहू नका. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर, घरच्या जुन्या लॅपटॉपवरसुद्धा चालेल, सहा नावांवर फिरणारं एक लूप ठेवा: एस-क्लायंटने जोडायचं, आलेलं सर्टिफिकेट ओपनएसएसएलच्या चेकएंड पर्यायाला द्यायचं आणि १७,२८,००० सेकंद सांगायचे. म्हणजे वीस दिवस. तेवढ्यात संपणार असेल तर तो १ या कोडने बाहेर पडतो, मग निरोप पाठवायचा. वीस अशासाठी, की सगळं सुरळीत असेल तर तीसच्या खाली सर्टिफिकेट फार काळ राहूच नये. वीसवर आलं म्हणजे दहा दिवस रोज प्रयत्न फसतोय, आणि तुमच्याकडे दुरुस्तीला अजून वीस दिवस आहेत. आठवड्यावर आल्यावर कळणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. मुदत ४५ दिवसांवर आली की हा वीसचा आकडाही खाली आणायचा. आणि हे लूपच बंद पडलं तर? म्हणून ते दर सोमवारी ‘सगळं ठीक’ असा एक निरोप मला पाठवतं. सोमवारी निरोप आला नाही तर मी बघायला जातो. ओबडधोबड आहे, पण गेली कित्येक वर्षं चाललंय.

प्रयोग करताना लेट्स एन्क्रिप्टचा स्टेजिंग, म्हणजे सरावाचा, सर्व्हर वापरा. खऱ्या सर्व्हरवर नावांच्या नेमक्या त्याच संचासाठी सात दिवसांत पाचच सर्टिफिकेट्स मिळतात, आणि एका नावाची तपासणी तासाभरात पाचदा फसली की थोडा वेळ दार बंद. एकाने आपला डॉकर कंटेनर (प्रोग्रॅमचा पुन्हा पुन्हा नव्याने उभा करता येणारा डबा) असा रचला होता की दर सुरुवातीला तो नवं सर्टिफिकेट आणायचा, आणि ते कंटेनरसोबतच पुसलं जायचं. दुपारपर्यंत त्याने सहावेळा कंटेनर उभा केला आणि पुढे बरेच दिवस हात चोळत बसला. एक खाचखळगा मात्र सांगून ठेवतो: स्टेजिंगवर एकदा सर्टिफिकेट काढलं की अ‍ॅक्मे डॉट एसएच त्या डोमेनपुरता तोच पत्ता लक्षात ठेवते. खऱ्यावर येताना सर्व्हरचं नाव स्पष्ट देऊन, फोर्सने नव्याने काढा, आणि इश्यूअरच्या नावात ‘स्टेजिंग’ हा शब्द उरलेला नाही ना ते बघा.

तुमच्या जागी मी असतो तर आजच एका साइटवर हे करून बघितलं असतं: सहांपैकी सगळ्यांत कमी वर्दळीची घ्या, स्टेजिंगवर जमवा, मग खरं सर्टिफिकेट काढा, लावणी-स्क्रिप्ट जोडा. मग मुद्दाम इंजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये एक सेमीकोलन उडवा आणि फोर्सने रिन्यू करा. तुमच्यापर्यंत निरोप पोचला पाहिजे. नाही पोचला, तर आधी तेच दुरुस्त करा. सेमीकोलन परत टाका, लावणी-स्क्रिप्ट हाताने चालवा, आणि दुसऱ्या मशीनवरून पोर्ट ४४३ आणि ९९३ दोन्हींना सुरुवातीची तारीख विचारा. ती वेळ तासभर मागची दिसली तर दचकू नका, घड्याळ मागे पडलेल्या मशीनना त्रास होऊ नये म्हणून लेट्स एन्क्रिप्ट ती तशीच टाकतं. दोन्हीकडे आजचीच तारीख दिसली, की बाकीच्या पाच साइट्स घ्या आणि महिन्याच्या पहिल्या तारखेची ती क्रॉनची ओळ पुसून टाका.